विमानसेवेचा दर्जा आणि आपली सहल: मुंबईहून निघणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली बारा-तेरा वर्षं मी दादरहून छोटे ग्रुप घेऊन सहलींना जाते. कोकण, वेरूळ-अजिंठा, राजस्थान, केरळ, अधूनमधून परदेश. सहल संपली की आठवड्याभरानं प्रत्येकाला फोन करून कसं वाटलं ते विचारायचं, ही माझी पद्धत. मी हॉटेलबद्दल विचारते आणि लोक सांगायला लागतात विमानाबद्दल. सहलीआधी येणारे प्रश्नही बहुतेक त्याचेच असतात. म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून काढलं.

विमानसेवेचा दर्जा म्हणजे नेमकं काय?

सेवेचा दर्जा कसा मोजायचा, याची एक पद्धत १९८०च्या दशकात परशुरामन, झाइथामल आणि बेरी या तीन अभ्यासकांनी मांडली. 'सर्व्हक्वाल' या नावानं ती ओळखली जाते. तिच्यात पाच बाजू आहेत: डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टी, भरवसा, तत्परता, कर्मचाऱ्यांविषयी वाटणारा विश्वास आणि आपुलकी. प्रवाशाची आधी अपेक्षा काय होती आणि प्रत्यक्षात त्याला काय मिळालंसं वाटलं, या दोहोंतलं अंतर म्हणजे त्याच्या लेखी दर्जा.

विमानाला हे लावून बघा. खुर्ची, स्वच्छतागृह, टर्मिनलची सजावट या दिसणाऱ्या गोष्टी. सांगितलेल्या वेळेला विमान सुटणं आणि बॅग आपल्यासोबत पोचणं हा भरवसा. माझ्या अनुभवात सहलीला जाणारा माणूस पहिल्या गोष्टीचं कौतुक करतो, पण गुण देतो ते दुसऱ्या गोष्टीला. कामासाठी जाणाऱ्याची मीटिंग फार तर पुढे ढकलली जाते. चार दिवसांच्या सहलीतला अर्धा दिवस गेला, तर तो कुठूनही परत मिळत नाही.

एकाच विमानातले दोघे जण इतकं वेगळं कसं सांगतात?

अपेक्षा वेगळ्या, म्हणून. जयपूरच्या एका सहलीत डोंबिवलीच्या एक काकू होत्या, आयुष्यातला पहिला विमानप्रवास. सुरक्षा तपासणीत त्यांच्या पिशवीतला स्टीलचा डबा उघडायला लावला. आत तिळाच्या वड्या. तपासणाऱ्या बाईंनी बघितलं, हसून झाकण नीट दाबून लावलं आणि डबा दोन्ही हातांनी परत दिला. काकूंनी तो प्रसंग मला तीनदा सांगितला. विमान चाळीस मिनिटं उशिरा सुटलं होतं, हे त्यांच्या गावीही नव्हतं. त्यांच्याच रांगेत महिन्यातून चार वेळा उडणारा पार्ल्याचा एक तरुण बसला होता. त्याला ती चाळीस मिनिटं तेवढी आठवत होती.

दोघंही खरंच सांगत होते. म्हणून कोणी 'अमुक एअरलाइन वाईट' म्हटलं, की मी आधी विचारते, तुम्ही याआधी कितीदा गेलात?

टर्मिनल २ इतकं देखणं आहे, तरी लोक मुंबई विमानतळाबद्दल कुरकुर का करतात?

टर्मिनल २ आपल्या अभिमानाचीच गोष्ट आहे. २०१४ साली ते सुरू झालं. मोरपिसाच्या कल्पनेवर बेतलेलं ते उंच छत, त्यातून झिरपणारा उजेड आणि 'जय हे' हे भिंतीभर पसरलेलं भारतीय कलेचं दालन. परदेशी पाहुण्यांना मी मुद्दाम तिथून सावकाश चालवत आणते.

पण छताखालच्या थाटामाटानं आकाशातली गर्दी कमी होत नाही. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्हींवर एकाच वेळी स्वतंत्रपणे विमानं उतरवता येत नाहीत. एका वेळी एकच चालते. वर्षाला साडेपाच कोटींच्या आसपास प्रवासी, आणि सगळा भार जवळपास एका धावपट्टीवर. सकाळी एखादं विमान रखडलं की त्याचं ओझं रात्रीच्या विमानापर्यंत जातं. जुलैच्या पावसात कुर्ला-घाटकोपरच्या झोपड्यांवरून घिरट्या घालणाऱ्या विमानात ज्यांनी अर्धा तास काढला आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको. शिवाय पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर एकेक दिवस दोन्ही धावपट्ट्या दुरुस्तीसाठी काही तास बंद असतात. ती तारीख आधी जाहीर होते. तिकीट काढताना बघून घ्या.

प्रवाशाला हे कारण दिसत नाही. त्याला फक्त बोर्डवरची वेळ बदलताना दिसते.

माणसाला जास्त त्रास कशाचा होतो, उशिराचा की कारण न कळण्याचा?

कारण न कळण्याचा. याबद्दल माझ्या मनात शंकाच उरलेली नाही.

एकदा आम्ही अठरा जण मुंबईतल्या एका गेटवर बसलो होतो. संध्याकाळी सात दहाचं विमान. बोर्डवर सात चाळीस झालं, मग सव्वाआठ, मग पावणेनऊ. दर वेळी तीस-पस्तीस मिनिटांची वाढ. त्यामुळे जेवायला कोणी उठेना, कारण 'आता बोलावतील'. एक छोटा मुलगा ट्रॉलीवर आडवा होऊन झोपला. त्याची आई काउंटरवर चौथ्यांदा विचारायला गेली आणि उत्तर तेच मिळालं: ऑपरेशनल रीझन. आवाज चढायला लागले. तेवढ्यात त्याच काउंटरवरची एक तरुण मुलगी बाहेर आली, गर्दीच्या मधोमध उभी राहिली आणि म्हणाली, "खरं सांगते, आपलं विमान अजून हैदराबादहून निघालेलंच नाही. साडेदहाच्या आत काही होणार नाही. तुम्ही निवांत जेवून घ्या, मी कूपन देते."

लोक शांत झाले. विमान सुटलं पावणेअकराला, म्हणजे साडेतीन तासांहून जास्त उशिरा. पण परतल्यावर मी फोन केले, तेव्हा त्या रात्रीबद्दल रागानं बोलणारे दोघेच निघाले. बाकीच्यांनी त्या मुलीबद्दल सांगितलं.

रिकामी गेलेली वेळ लांब वाटते, अनिश्चित वेळ त्याहून लांब, आणि कारण न सांगता ताटकळत ठेवलेली सगळ्यांत लांब. ही गोष्ट एसटीच्या स्टँडवर उभं राहिलेल्या कोणालाही माहीत आहे. विमान कंपन्यांनी ती मनावर घेतली, तर एक रुपया जास्त न खर्च करता त्यांचा दर्जा वाढेल, असं मला मनापासून वाटतं.

विमानाचा राग लोक गावावर काढतात का?

काढतात, आणि बहुतेकांना ते कळतही नाही. राजस्थानच्या एका ग्रुपचं सकाळचं विमान दुपारी पोचलं. आमेरचा किल्ला आम्ही संध्याकाळी घाईघाईत उरकला. त्यातल्या एका गृहस्थांना वर्षभरानं मी पुन्हा राजस्थानबद्दल विचारलं, तर म्हणाले, "जयपूर काही खास नाही हो." जयपूर त्यांनी बघितलंच कुठे होतं?

एखादं छायाचित्रही पुरतं. जानेवारी २०२४ मध्ये दिल्लीच्या धुक्यामुळे गोव्याहून दिल्लीला निघालेलं एक विमान मुंबईत उतरवलं गेलं, आणि त्यातले प्रवासी विमानाशेजारी जमिनीवर बसून जेवत असल्याची दृश्यं देशभर फिरली. दंडही झाले. मुंबईला यायचंच नसलेल्या प्रवाशांची ती गोष्ट, पण चित्रात होतं मुंबईचं विमानतळ.

तक्रार करणारा पर्यटक मला बरा वाटतो. जो काही बोलत नाही आणि पुढच्या वर्षी फोनच उचलत नाही, त्याची काळजी जास्त असते. हॉटेलवाला, गाइड, रिक्षावाला, किल्ल्याखाली कणसं भाजणारी बाई, या सगळ्यांचं नुकसान त्या न बोलणाऱ्या माणसाकडून होतं, आणि त्यांतल्या कोणाचाच त्यात काही दोष नसतो.

चांगली विमानसेवा आली की पर्यटन खरंच वाढतं का?

विमानतळ बांधल्यानं वाढत नाही. विमान रोज आणि वेळेवर आलं तर वाढतं. आपल्या कोकणाइतकं याचं स्पष्ट उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

९ ऑक्टोबर २०२१ला सिंधुदुर्गात चिपीच्या विमानतळाचं उद्घाटन झालं. मुंबईहून पहिलं विमान गेलं तेव्हा माझ्या ओळखीतल्या मालवणी कुटुंबांमध्ये अक्षरशः दिवाळी होती. दहा-बारा तासांचा रस्ता तासाभरावर आला होता. पहिल्या वर्षी मी तारकर्लीच्या दोन सहली चिपीमार्गे नेल्या. पण खराब हवामानात दिसेनासं झालं की फेरी रद्द, आणि रद्द झाली की त्या दिवशी दुसरं विमान नाही. दोनदा रद्द झालेलं तिकीट तिसऱ्यांदा कोण काढतो? दरम्यान, सिंधुदुर्गाच्या वेशीला लागून गोव्यात मोपा इथे मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झालं. तिथे दिवसभर विमानं. बांदा-सावंतवाडी तिथून हाकेच्या अंतरावर. आता माझे मालवणचे पाहुणेही मोप्याला उतरतात. त्यांतले काही जण म्हणतात, उतरलोच आहोत तर दोन दिवस गोव्यातच राहू. मालवणच्या खानावळीत जायचे ते पैसे पणजीत जातात.

तळकोकणचा समुद्र कुठे गेला नाही, सोलकढीची चव बदलली नाही. भरवसा मात्र दुसऱ्या विमानतळावर गेला.

शिर्डीचं उलट उदाहरण आहे. १ ऑक्टोबर २०१७ला तिथे विमानतळ सुरू झाला आणि दर्शनाला जाणाऱ्या वयस्कर लोकांचा रात्रभरचा बसप्रवास वाचला. तिथे वेगवेगळ्या शहरांतून विमानं येऊ लागली, म्हणून त्याची सवय झाली.

वेरूळ-अजिंठ्याला विमानानं जाताना वारांचा एवढा घोळ का असतो?

वेरूळ मंगळवारी बंद असतं आणि अजिंठा सोमवारी. छत्रपती संभाजीनगरला उतरल्यावर वेरूळ तीसेक किलोमीटर, अजिंठा शंभरेक. समजा तुम्ही शनिवारी संध्याकाळचं विमान काढलं, रविवारी अजिंठा, सोमवारी वेरूळ आणि परत, असं ठरवलं. शनिवारचं विमान रद्द होऊन रविवारी दुपारी पोचलात, तर अजिंठा हातचं गेलं, कारण सोमवारी दरवाजा बंद. एका रद्द विमानानं सहलीचं मुख्य कारणच जातं. म्हणून मी ही सहल बुधवारी किंवा गुरुवारी सुरू करते. मुंबईतल्या घारापुरीच्या लेण्यांनाही सोमवारी सुट्टी असते, हे परदेशी पाहुण्यांना आधीच सांगून ठेवा.

मग कोकणात ट्रेनच बरी का?

चार जणांचं कुटुंब असेल तर हो. वंदे भारत आणि कोकणकन्या दोन्ही चांगल्या. तिकीट मात्र आरक्षण उघडतं त्याच दिवशी काढा, गणपतीत तर त्याच मिनिटाला.

नवी मुंबईच्या विमानतळानं काय बदलणार?

८ ऑक्टोबर २०२५ला त्याचं उद्घाटन झालं आणि २५ डिसेंबरपासून प्रवासी विमानं सुरू झाली. कमळाच्या आकारावरून घेतलेला आराखडा आहे आणि पहिल्या टप्प्याची क्षमता वर्षाला दोन कोटी प्रवाशांची. माझ्या दृष्टीनं त्याचा खरा फायदा हा, की सगळा भार एकाच जागी राहणार नाही. पनवेल, अलिबाग, पुण्याकडची माणसं सहारला, म्हणजे मुंबईच्या जुन्या विमानतळावर, येण्याचा द्राविडी प्राणायाम करणार नाहीत. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत स्थान मिळालं. त्या बारा किल्ल्यांतला रायगड बघायला येणाऱ्या पाहुण्याला आता मुंबईची कोंडी न बघताही जाता येईल.

एक सावधगिरी बाळगा. तिकिटावर नुसतं 'मुंबई' बघून निघू नका, कोड बघा. सहार-सांताक्रूझचा कोड बीओएम, नवी मुंबईचा एनएमआय. बोरिवलीहून चुकीच्या विमानतळावर पोचलेला माणूस दुसरीकडे वेळेत जाऊ शकत नाही.

विमानतळापर्यंत पोचण्याचा त्रास हा विमानसेवेचा दर्जा कसा?

विमान कंपनीच्या दृष्टीनं तो नाही. प्रवाशाच्या मनात मात्र प्रवास घराचं कुलूप लावल्यापासून सुरू होतो. गिरगावहून सहारला जायला पूर्वी मी लोकांना विमानाच्या चार तास आधी निघायला सांगायचे, आणि विमान असायचं सव्वा तासाचं! ऑक्टोबर २०२५मध्ये मेट्रो ३ कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली, दोन्ही टर्मिनलना स्थानकं आहेत. गेल्या काही महिन्यांत दक्षिण मुंबईतल्या माझ्या प्रवाशांची सगळ्यांत मोठी चिंता तिनं घालवली आहे. मध्यरात्रीच्या विमानांना मात्र तिचा उपयोग नाही, आणि परदेशची बरीच विमानं त्याच वेळी असतात. रात्री दोनला बाहेर पडलेल्या पाहुण्याला रांगेतली प्रीपेड टॅक्सी शांतपणे मिळाली की नाही, यावर त्याचं मुंबईबद्दलचं पहिलं मत ठरतं.

बॅगेसाठी किती वेळ थांबणं योग्य?

विमान वाहतूक सुरक्षा विभागानं फेब्रुवारी २०२४मध्ये विमान कंपन्यांना बजावलं: इंजिन बंद झाल्यापासून पहिली बॅग दहा मिनिटांत आणि शेवटची तीस मिनिटांत बेल्टवर यायला हवी. बॅग आलीच नाही किंवा फुटून आली, तर विमानतळाबाहेर पडण्याआधी बेल्टजवळच्या काउंटरवर तक्रार लिहून घ्या. त्या कागदाला पीआयआर म्हणतात. तो नसेल तर पुढे दाद मागणं फार अवघड जातं. बॅगेला लाल कापडाची चिंधी बांधा. काळ्या बॅगांच्या गर्दीत तिच्याइतकं दुसरं काही उपयोगी पडत नाही.

विमान रखडलं किंवा रद्द झालं तर माझे हक्क काय?

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे नियम आहेत, ते थोडक्यात असे. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तासांहून जास्त उशीर होणार असेल, तर वेळेवर चेक-इन केलेल्यांना खाणंपिणं द्यावं लागतं. देशांतर्गत विमानाला सहा तासांहून जास्त उशीर होणार असेल, तर दुसरं विमान किंवा पूर्ण परतावा यांतलं एक निवडायचा हक्क तुमचा. आधी न कळवता फेरी रद्द केली, तर परताव्याशिवाय भरपाईही आहे: उड्डाण तासाभराचं असेल तर ५,००० रुपयांपर्यंत, दोन तासांपर्यंतच्या उड्डाणाला ७,५०० आणि त्याहून लांबच्या उड्डाणाला १०,००० रुपयांपर्यंत. तुमचं मूळ भाडं आणि इंधन शुल्क मिळून होणारी रक्कम यापेक्षा कमी असेल, तर तेवढीच मिळते. हवामान, सुरक्षा, हवाई नियंत्रण अशी कंपनीच्या हाताबाहेरची कारणं असतील तर भरपाई नाही.

म्हणूनच कारण लेखी मागा. काउंटरवरच्या माणसावर ओरडू नका. त्याच्या हातात फार थोडं असतं. एसएमएस आणि बोर्डाचा फोटो जपून ठेवा.

आई-वडील वयस्कर आहेत. त्यांना पाठवू का?

जरूर पाठवा, पण व्हीलचेअर तिकिटातच मागून घ्या, निदान ४८ तास आधी, आणि दोघांसाठी दोन. फेब्रुवारी २०२४मध्ये मुंबईतच दोघांत एकच व्हीलचेअर मिळाल्यामुळे पत्नीबरोबर चालत निघालेल्या ८० वर्षांच्या प्रवाशाचा मृत्यू झाला. विमान कंपनीला ३० लाखांचा दंड झाला. ती बातमी वाचल्यापासून मी प्रत्येक ज्येष्ठाची व्हीलचेअर आदल्या दिवशी फोन करून पुन्हा पक्की करते. टर्मिनल २मधलं अंतर तरुणांनाही दमवणारं आहे.

विमान कंपन्यांचे आणि विमानतळांचे क्रमांक लागतात, ते खरे मानायचे का?

काय मोजलं आहे ते बघून माना. महासंचालनालय दर महिन्याला देशांतर्गत विमानांची वेळ पाळण्याची आकडेवारी, रद्द फेऱ्या आणि तक्रारी जाहीर करतं. त्यात पंधरा मिनिटांपर्यंतचा उशीर 'वेळेवर'च धरला जातो. विमानतळांसाठी जागतिक विमानतळ परिषदेचं सर्वेक्षण प्रसिद्ध आहे आणि मुंबईनं त्यात अनेकदा मान मिळवला आहे. पण ते मुख्यतः निघणाऱ्या प्रवाशांना, गेटपाशी विचारलं जातं. तेव्हा माणूस तपासणी आटोपून निवांत बसलेला असतो. बेल्टपाशी ताटकळलेला, टॅक्सी शोधणारा माणूस त्या उत्तरांत फारसा नसतो. आणि आपल्या शहरात पर्यटक येतो तो त्याच दारानं.

अभिप्राय किंवा तक्रार कुठे करू, आणि त्याचा उपयोग होतो का?

आधी विमान कंपनीकडे, तिथे दाद लागली नाही तर केंद्राच्या 'एअरसेवा' पोर्टलवर. पीएनआर, तारीख, वेळ, काय कबूल केलं होतं आणि काय घडलं, एवढंच लिहा. पाच-सहा ओळी पुरेत. माझ्या ग्रुपमधल्या दोघांचे अडकलेले परतावे असेच मिळाले.

चांगलं घडलं तर तेही लिहा. हैदराबादच्या विमानाचं खरं सांगणाऱ्या त्या मुलीच्या छातीवरच्या पट्टीवरून मी तिचं नाव टिपून घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलमधूनच तिच्या कंपनीला मेल पाठवला, खाली आम्हा अठरा जणांची नावं घालून.